पांढरा मणी

"हात वर. जीभ वर. अंबाडा सोड."

मावशीच्या या तीन हुकुमांत इतक्या वर्षांत एका अक्षराचा बदल झाला नव्हता. समोरच्या चष्मेवालीनं हात वर केले, जीभ वर उचलली आणि केस सोडता सोडता कुरकुरली, "परवा लाल, काल लाल, आज लाल! पिशवीत पांढरे उरलेत तरी का गं?"

"तुझ्या हाताला विचार," मावशी म्हणाली. तिची बोटं चष्मेवालीच्या केसांतून, कानामागून, डगल्याच्या शिवणीतून सराईतपणे फिरत होती. "टाच उचल. दुसरी. जा आता, चहा गार होईल तुझा."

खाणीच्या कामगार-फाटकाला लागून असलेली ही पत्र्याची खोली म्हणजे मावशीचं राज्य. खाणीतून निळे खडे निघत. ते धुऊन, लहान-मोठे, स्वच्छ-डागाळलेले असे वेगळे करायला बायका होत्या, आणि पाळी सुटली की त्या बायकांच्या अंगावर खडा नाही ना, हे बघायला मावशी. बाहेरच्या बाकावर तिची जोडीदारीण, जिला सगळे ठेंगणी म्हणत, मण्यांची पिशवी घेऊन बसे. प्रत्येकीनं पिशवीत हात घालायचा, न बघता एक मणी काढायचा, दाखवायचा आणि आपल्याच हातानं परत टाकायचा. पांढरा आला तर नुसता डबा आणि खिसे दाखवून घरी. लाल आला तर आतल्या खोलीत पूर्ण झडती. मोठ्या साहेबांनी कुठल्याशा परदेशी कारखान्यात ही युक्ती पाहिली होती. यात वशिल्याला वाव राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. फाटकावर त्यांनी मोठी पाटीच लावून घेतली होती : 'या फाटकातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाने मणी काढावा.'

साहेब स्वतः पलीकडच्या फाटकातून जात. तिथे पाटी नव्हती, पिशवीही नव्हती. तिथे सलाम होता.

मावशी स्वभावानं संशयी होती की कामानं तिला तसं केलं होतं, हे आता तिचं तिलाही सांगता आलं नसतं. नवरा खाणीत दरड कोसळून गेला, तेव्हा कंपनीनं त्याच्या बदली तिला इथे लावलं. पहिल्याच वर्षी ती एक गोष्ट शिकली. लपवणारा माणूस तोंडानं काहीही बोलो, 'थांब' म्हटलं की त्याचा हात आपोआप माल असेल तिथे जातो. तेव्हापासून ती माणसांचे चेहरे बघायचीच सोडून हात बघू लागली. घरी आली तरी उशीचे अभ्रे चाचपी, दाराबाहेरच्या चपला झटकून बघे. शेजारणीचं पोर कौतुकानं जवळ घेतलं तरी तिची बोटं त्याच्या बगलेपर्यंत जाऊन येत. बायका हसत. म्हणत, मावशीनं पाठीवरून हात फिरवला तरी खिसे सांभाळावेसे वाटतात.

रांगेत आता तिची लेक होती. वर्षभरापूर्वीच ती निवडीच्या खोलीत लागली होती. तिनं पिशवीत हात घातला. पांढरा.

"हिचं बघा!" चष्मेवाली केस बांधत म्हणाली. "हिला बरा कधी लाल येत नाही!"

"नशीब बापाकडून घेतलंय," मावशी म्हणाली, आणि बापाचं नशीब आठवून लगेच गप्प झाली. लेकीचे खिसे मात्र तिनं दुसऱ्या कुणाहीपेक्षा जास्त वेळ तपासले. आपल्या पोटच्या पोरीला सूट दिली असं कुणी म्हणायला नको.

"आई, झालं का?"

"इथे आई म्हणायचं नाही."

लेक डबा उचलून निघाली, आणि नेमका तेव्हाच भोंगा झाला. हा पाळीचा भोंगा नव्हता. फाटकवाल्यानं धावत येऊन आडवा दांडा खाली पाडला.

सुरक्षेचा मुख्य अधिकारी आला. त्याला सगळे हसरा म्हणत, कारण त्याच्या तोंडावरचं हसू कधी मावळत नसे. कुणाला कामावरून काढतानाही तो वाढदिवसाला आल्यासारखा दिसे.

"एक खडा नाहीये," हसरा म्हणाला. "या वर्षातला सगळ्यात मोठा. वाटी कोठारात ठेवायला घेतली, झाकण उघडलं, तर रिकामी." मग त्यानं मावशीच्या लेकीकडे बोट केलं. "हिच्या मेजावरची वाटी."

बायकांची रांग नकळत लेकीपासून दोन पावलं दूर सरकली. मावशीला त्यांचा राग आला नाही. दर वर्षा-दोन वर्षांनी निवडीच्या खोलीतली कुणीतरी अशी पकडली जाई, आणि तेव्हा मावशीही अशीच मागे सरकत आली होती. काहीतरी केलंच असेल त्याशिवाय का, असं म्हणून ती कामाला लागे.

सगळ्यांची पुन्हा झडती झाली. लेकीची झडती हसऱ्यानं मुद्दाम ठेंगणीला घ्यायला लावली. मग मावशीचीही. खडा कुणाकडेच मिळाला नाही. बायकांना भिंतीशी ओळीत उभं केलं, लेकीला कोठारामागच्या खोलीत बसवलं, आणि हसऱ्यानं मावशीला बाजूला घेतलं.

"मावशी, तुम्ही जुनं माणूस. मी स्पष्टच बोलतो. वाटी लेकीची, झडती आईची. लोक काय समजायचं ते समजतात."

"साहेब, मी तिला इतरांपेक्षा कडक तपासते."

"असेल. पण आज खडा सापडायलाच हवा. बँकेचे पाहुणे आलेत, नव्या खाणीसाठी कर्ज द्यायचं की नाही ते बघायला. उद्या मंत्री येतायत. आज काय तो निकाल लागला पाहिजे." त्याचं हसू आणखी रुंदावलं. "पोरगी कबूल झाली तर नुसती नोकरी जाईल. खडा कुठे टाकला, कसा टाकला, मी विचारणार नाही. नाही झाली, तर दिवे लागायच्या आत पोलिसांची गाडी येईल. पुढचं माझ्या हातात नाही. मधल्या सुट्टीत घरी ठेवून आलीय का, बघून या. मग तिच्याशी बोला. आईचं ऐकतात मुली."

मावशी घराकडे निघाली. अधिकाऱ्यांच्या फाटकापुढच्या रस्त्यावर वाफाळतं डांबर ओतत होते. तिच्या लग्नापासून हा रस्ता धुळीचा होता. आज तो काळा होत होता तो उद्याच्या मंत्र्यांसाठी, आणि तोही फाटकापासून समारंभाच्या मांडवापर्यंतच. मांडव दवाखान्याच्या जागेवर होता. दवाखाना नव्हता, जागा होती, आणि जागेत वेगवेगळ्या मंत्र्यांच्या हातच्या तीन कोनशिला होत्या. उद्या चौथी बसायची होती. या गावात जमिनीतून खडे निघत आणि जमिनीत कोनशिला जात, एवढीच काय ती देवाणघेवाण. शाळेला इमारत होती तर मास्तर नव्हते, नळाला तोटी होती तर पाणी नव्हतं. आणि इथल्या खड्यांवर म्हणे साऱ्या देशाचा कारभार चालत होता. कुठे चालत होता कुणास ठाऊक. इथून तो दिसत नव्हता.

कंपनीच्या चाळीतल्या आपल्या खोलीत शिरताच मावशीनं दाराला कडी लावली. देवा, काही सापडू देऊ नको, असं मनात म्हणत तिची बोटं मात्र कामाला लागली. आधी उशा. मग पिठाचा डबा, कोपरापर्यंत हात घालून. मग लेकीच्या कपड्यांच्या घड्या, एकेक शिवण. पोरगी अलीकडे घुमी झाली होती, हे तिला आता आठवू लागलं. हाक मारली तर दचकते. जवळ बसलं तर उठून जाते. या गावात माझा जीव गुदमरतो म्हणते. एकदा संशयाला दार उघडलं की तो पाहुण्यासारखा एकटा येत नाही, सगळं बिऱ्हाड घेऊन येतो. मावशीला वाटलं, नेलाच असेल खडा. शहरात पळून जायला नेला असेल. तरुण वय आहे.

खाटेच्या पायाशी लेकीची जुनी हिवाळी टोपी होती. टोपीच्या अस्तरात काहीतरी गोल, कडक हाताला लागलं.

मावशी टोपी घेऊन खाली बसली. धागा दातानं तोडायला तिला दोनदा प्रयत्न करावा लागला. अस्तर उसवलं आणि तिच्या तळहातावर मणी पडले. झडतीच्या पिशवीतले पांढरे मणी. चांगले मूठभर.

क्षणभर तिला काही कळेना. मग सगळं एकदम कळलं. लेक बोटांच्या बेचक्यात पांढरा मणी धरूनच पिशवीत हात घालत होती. तोच बाहेर काढून दाखवत होती, आणि परत टाकायचं नाटक करत होती. नशिबानं खरेच पांढरे आले ते तिनं एकेक करून ठेवून घेतले होते, हातून एखादा सुटला तर असावा म्हणून. म्हणून पिशवीत लालच फार झाले होते. म्हणून चष्मेवाली रोज रडत होती.

झडती टाळायला जी इतकी खटपट करते, तिच्या अंगावर काय असणार? हा प्रश्न मावशीनं दुसऱ्या कुणाबद्दल स्वतःला विचारलाच नसता. सरळ भोंगा वाजवला असता.

कोठारामागच्या खोलीत लेक उलट्या पिंपावर बसली होती. हसऱ्यानं दार लोटून घेतलं. मावशीनं मूठ उघडली.

मणी बघून लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. पण तिचे हात मांडीवरून हलले नाहीत. मावशीनं ते आधी पाहिलं.

"हे कशाला?"

"तुला कळलंच कसं नाही इतके दिवस, याचंच मला नवल वाटतंय," लेक म्हणाली.

"मी विचारते, कशाला? किती खडे बाहेर काढलेस?"

लेक हसली. ते हसू बघवत नव्हतं. "एकही नाही. खड्यांसाठी नव्हतं ते, आई. तुझ्यासाठी होतं."

"माझ्यासाठी?"

"तुझ्या हातांसाठी. तुझ्यापुढे जीभ वर करून उभं राहायचं नव्हतं मला." ती थांबली. मग धरण फुटल्यासारखी बोलू लागली. "बाबा गेले तेव्हा तू मला जवळ घेतलंस ना, ते मला आठवतं. त्यानंतर तू मला नुसतं जवळ कधी घेतलंच नाहीस. शाळेत पहिली आले तेव्हा पाठीवर हात फिरवलास, तो खाली कमरेपर्यंत गेला, खिशावर थांबला. तापात होते तेव्हा कपाळावर हात ठेवलास, तो कानामागे गेला. मी लहान होते, मला वाटायचं मी काहीतरी चोरलंय. रात्रभर आठवायचे, काय चोरलं असेल."

मावशीनं मणी खिशात टाकले.

"आता विचार," लेक म्हणाली. "विचारायलाच आली आहेस ना?"

"तू... तो खडा..."

"घे झडती. घे ना. मगच विश्वास बसेल तुझा." लेक उठली, तिनं हात वर केले, जीभ वर उचलली आणि अंबाड्याचा काटा ओढून केस मोकळे सोडले. तिन्ही गोष्टी, त्याच क्रमानं.

मावशीचे हात उठले. सवयीनं उठले. लेकीच्या कानांपर्यंत आले आणि तिथेच थांबले. मावशीनं ते ओढून मागे घेतले आणि पाठीशी घट्ट बांधून ठेवले. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं एखाद्या माणसावर न चाचपता विश्वास ठेवला. त्याचं तिला भय वाटलं.

"नको," ती म्हणाली. "केस बांध. आणि मला सांग, वाटीला आज कुणाकुणाचा हात लागला?"

लेकीनं डोळे पुसले. "माझा आणि हसऱ्याचा. दुपारी तो वाटी घेऊन गेला, मोठ्या साहेबांच्या खोलीत, बँकेच्या पाहुण्यांना खडा दाखवायला. परत आणून ठेवली ती झाकून. झाकण आम्ही उघडायचं नसतं, तुला माहीत आहे."

"आणि हे तू त्याला सांगितलंस?"

"सांगितलं. तो हसला."

मावशी बाहेर आली. हसऱ्यानं विचारलं, "काय म्हणते?"

"थोडा वेळ द्या साहेब. बोलेल," मावशी म्हणाली, आणि थेट फाटकाशी गेली.

उन्हं कलली होती. भिंतीशी बायका अजून उभ्याच होत्या. ठेंगणी पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. मावशीनं पलीकडे पाहिलं. अधिकाऱ्यांच्या फाटकापुढे ओल्या डांबरावर दोरी बांधली होती. आज रात्री तिथून कुणाचीच गाडी जाणार नव्हती. सगळ्या इथूनच जाणार होत्या.

"ठेंगणे, जरा चहा घेऊन ये. घसा सुकलाय माझा."

ठेंगणीनं तिच्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. ती काही काल जन्मलेली नव्हती. "मला काही माहीत नाही हं," एवढंच म्हणून ती उठली. "मी चहा आणायला गेले होते."

ती परत येईपर्यंत पिशवीतले सगळे पांढरे मणी मावशीच्या खिशात गेले होते. इतकी वर्षं तिनं कामात कधी लबाडी केली नव्हती.

मोठ्या साहेबांची गाडी आली. मागच्या आसनावर साहेब आणि त्यांच्याशेजारी बँकेचे पाहुणे, सुटाबुटातले, मऊ चेहऱ्याचे गृहस्थ. फाटकवाल्यानं दांडा वर केला, आणि मावशी पिशवी घेऊन गाडीपुढे उभी राहिली.

साहेबांनी काच खाली केली. "काय हे मावशी? बाजूला व्हा."

"मणी काढायचा, साहेब."

"अहो, पाहुणे आहेत गाडीत."

"पाटीवर 'प्रत्येकाने' लिहिलंय, साहेब. तुम्हीच लिहून घेतलंय."

भिंतीशी उभ्या बायकांमधली कुजबुज एकदम थांबली. फाटकवाल्याची पाचावर धारण बसली. दांडा खाली घ्यावा की वरच ठेवावा हे न कळून तो दोरी धरून नुसता उभा राहिला. मावशीचा घसा आता खरोखरच सुकला होता. साहेबांनी एक शब्द टाकला असता तर तिला ओढून बाजूला केलं असतं, आणि दिवे लागल्यावर लेकीला पोलिसांच्या गाडीत घातलं असतं.

पण पाहुण्यांनाच गंमत वाटली. "दुपारी सांगत होतात ती हीच का पिशवी? झडतीशिवाय मुंगीसुद्धा बाहेर जात नाही म्हणालात! अहवालात हे लिहायलाच हवं मला. थांबा, आपणही काढू." ते उतरले, पिशवीत हात घातला आणि मणी बाहेर काढला. लाल. "अरे बाप रे! आता?"

"आता पुरुषांची झडती फाटकवाला घेतो," मावशी म्हणाली.

पाहुण्यांनी हसत हसत हात वर केले. फाटकवाल्यानं त्यांचा कोट चाचपला. एक रुमाल आणि एक पेन निघालं. बायकांमध्ये कुणीतरी फिसकन हसलं.

"चला साहेब, आता तुमची पाळी," पाहुणे म्हणाले.

साहेब उतरले. इतक्या डोळ्यांपुढे नाही म्हणणं त्यांना जड गेलं असावं. त्यांनी पिशवीत हात घातला. बराच वेळ घातला. पिशवीत मणी एकमेकांवर घासल्याचा आवाज येत होता.

लाल.

"थांबा, साहेब," मावशी हळूच म्हणाली.

आणि साहेबांचा डावा हात आपोआप कोटाच्या आतल्या खिशावर गेला.

मावशीनं ते पाहिलं. चष्मेवालीनं पाहिलं. भिंतीशी उभ्या सगळ्या बायकांनी पाहिलं. मावशीच्या लक्षात आलं, या माणसाला आजवर कुणी थांब म्हटलंच नव्हतं. म्हणून बिचाऱ्याला हात आवरायची सवयच नव्हती.

"एक फोन करायचा राहिला," साहेब म्हणाले. "महत्त्वाचा आहे. आलोच मी." ते गाडीतही बसले नाहीत. भरभर चालत कचेरीकडे परत गेले. पाहुणे फाटकाशी उभे राहून कोटाच्या बाहीवरचं नसलेलं सूत काढत राहिले.

थोड्या वेळानं हसरा जवळजवळ धावतच आला. "सापडला! खडा सापडला! मेजाच्या फटीत अडकला होता. आपण उगाच त्रास दिला सगळ्यांना."

निवडीच्या मेजाला फट नसते. खडा अडकू नये म्हणून ते अख्ख्या एका काचेचं केलेलं असतं. हे हसऱ्याला माहीत होतं, बायकांना माहीत होतं. एकीनंही तोंड उघडलं नाही. घरी जायला मिळत होतं.

"छान झालं," पाहुणे म्हणाले. त्यांनी काय पाहिलं आणि काय नाही, हे त्यांच्या मऊ चेहऱ्यावरून कळत नव्हतं. मावशीला वाटलं, पाहिलं असेल सगळं. मग वाटलं, पाहूनच तर हे एवढे मऊ झाले असतील. साहेब परतले, दोघं गाडीत बसले. या खेपेला कुणी पिशवी पुढे केली नाही आणि पाहुण्यांनीही मागितली नाही. काच वर जाताना साहेबांचं बोलणं ऐकू आलं, "कर्जाची सही मग उद्या समारंभातच करून टाकू," आणि पाहुण्यांची मान हलली.

लेकीला सोडलं. सोडताना हसरा तिला म्हणाला, "बघ, मी म्हणत होतो ना, कुठेतरी असेल."

मग तो बाकाशी आला. त्यानं पिशवी उचलली आणि बाकावर उपडी केली. लाल मणी गडगडत गेले. लाल, आणि लाल, आणि लाल. त्याचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे बदलले.

"पांढरे कुठेत?"

मावशीनं खिशातून मणी काढून त्याच्यापुढे ठेवले. पिशवीतले ठेवले, लेकीच्या टोपीतलेही त्यांतच मिसळून ठेवले. ते कुणी कुणाचे, हे आता देवालाही सांगता आलं नसतं.

"म्हणजे मण्यांत लबाडी केलीस," हसरा म्हणाला. तो प्रथमच तिला एकेरीत बोलत होता.

"केली, साहेब."

"कबूल आहे?"

"आहे. माझी एकटीची आहे."

"उद्यापासून येऊ नकोस. आणि महिनाअखेर खोली सोडायची."

नवऱ्यामागे एवढं एक छप्पर तिनं धरून ठेवलं होतं. रडणार नाही असं तिनं ठरवलं आणि ती रडली नाही. झडतीच्या खोलीची किल्ली काढून तिनं ठेंगणीच्या हातात दिली, डगला काढून खुंटीला अडकवला, आणि जायला निघाली.

"मावशी," ठेंगणी खाली बघत पुटपुटली. "मणी..."

बाकावरचे लाल-पांढरे मणी तिनं पुन्हा पिशवीत भरले होते. हसरा बघत होता. मावशीनं पिशवीत हात घातला.

लाल.

"चल," मावशी म्हणाली आणि स्वतःच आतल्या खोलीत गेली. तिनं न सांगता हात वर केले, जीभ वर उचलली, अंबाडा सोडला. ठेंगणीची बोटं तिच्या डोक्यावर नुसती टेकून राहिली. ती मुसमुसत होती.

"नीट घे," मावशी म्हणाली. "कानामागे विसरलीस. टाच राहिली. काम म्हणजे काम."

बाहेर अंधारत आलं होतं. नव्या डांबराचा वास गावभर पसरला होता. फाटकापलीकडे, जिथे काळा रस्ता संपून धूळ सुरू होत होती, तिथे लेक उभी होती. आई येताना बघून तिनं दोन पावलं टाकली आणि थांबली.

मावशी तिच्यापर्यंत गेली. तिला पोरीला छातीशी धरायचं होतं. पण तिला आपल्या हातांची खात्री नव्हती. पाठीवर ठेवले तर ते आपलं काम सुरू करतील, खाली जातील, खिशाशी थांबतील. म्हणून भर रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, मावशीनं आपले दोन्ही हात डोक्याच्या वर उचलले आणि तशीच उभी राहिली.

लेकीला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. तिनं पुढे होऊन आईच्या कमरेला मिठी मारली आणि तिच्या खांद्यात तोंड खुपसलं. मावशीचे हात वरच राहिले, भरून येऊन दुखायला लागले तरी वरच राहिले.